व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ऑक्सिजन किती द्यायचा? आयसीयूत नव्याने आलेल्यांसाठी

सॅच्युरेशन (रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय तो आकडा) ८६ झालं की अख्खी आयसीयू बेडपाशी गोळा होते. ते १०० असलं की कोणी वळूनही बघत नाही. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या रुग्णाबद्दल आहे. एफआयओटू (दिल्या जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) ०.६ आणि सॅच्युरेशन १०० याचा अर्थ रुग्ण छान आहे असा नव्हे. जास्तीचा डोस चालू आहे आणि तो कमी करायचं राहून गेलंय, एवढाच त्याचा अर्थ.

खालची माहिती प्रौढ रुग्णांसाठी आहे आणि ती नर्स व निवासी डॉक्टर दोघांच्या उपयोगाची आहे. तुमच्या युनिटचा लिखित प्रोटोकॉल वेगळं काही सांगत असेल तर तोच पाळायचा.

आधी आकडे ओळखा

एफआयओटू म्हणजे रुग्णाला मिळणाऱ्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा. साध्या हवेत तो ०.२१ असतो, शुद्ध ऑक्सिजनमध्ये १.०. काही मशीन तोच आकडा २१ ते १०० टक्के असा दाखवतात. एसपीओटू म्हणजे बोटावरच्या प्रोबने मोजलेलं सॅच्युरेशन. पीएओटू म्हणजे धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब (मिमी पाऱ्यात), तो एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीत मिळतो. पीप म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब (सेंटीमीटर पाण्यात). त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत.

सॅच्युरेशन आणि पीएओटू यांचं नातं सरळ रेषेचं नाही. पीएओटू ४० असेल तर सॅच्युरेशन साधारण ७५, ६० असेल तर ९०, १०० असेल तर ९७-९८. त्यापुढे रेषा जवळजवळ आडवी होते. म्हणून सॅच्युरेशन १०० दिसत असताना पीएओटू १२० असू शकतो किंवा ४५०ही असू शकतो, आणि प्रोबला त्यातला फरक कळत नाही. १०० या आकड्यावर प्रोब आंधळा असतो.

हे एका उदाहरणाने पाहू. एफआयओटू १.० वर असलेल्या रुग्णाचा पीएओटू ४५० आहे. रात्रीतून न्यूमोनिया वाढला आणि पीएओटू १२० वर आला. फुप्फुसाची क्षमता जवळजवळ चौथाई उरली, तरी मॉनिटरवर ९८-९९च दिसतं आणि अलार्म वाजत नाही. हाच रुग्ण एफआयओटू ०.४ वर असता तर त्याचा पीएओटू घसरत घसरत ५० च्या आसपास आला असता आणि अलार्म तासाभरापूर्वीच वाजला असता. जास्तीचा ऑक्सिजन बिघाड असा झाकून ठेवतो. रोजच्या कामात त्याचं हे नुकसान सगळ्यात महाग पडतं.

बाकीची नुकसानं पुस्तकांत सापडतात. नायट्रोजन निघून गेला की वायुकोशातला ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि वायुकोश मिटतात. जास्त तीव्रतेचा ऑक्सिजन दीर्घकाळ दिला तर फुप्फुसाच्या पेशींना थेट इजा होते. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आणि फायदा किती? १ ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १० आणि सॅच्युरेशन ९८ असेल तर १०० मिलि रक्तात हिमोग्लोबिनवर सुमारे १३ मिलि ऑक्सिजन असतो. पीएओटू १०० वरून ४०० वर नेला तर विरघळलेला ऑक्सिजन ०.३ मिलिवरून १.२ मिलि होतो. म्हणजे एवढा आटापिटा करून १ मिलिही पदरात पडत नाही.

पायरी १: लक्ष्य लिहून घ्या, आणि त्याला दोन टोकं हवीत

'सॅच्युरेशन ९२ च्या वर ठेवा' ही अर्धवट ऑर्डर आहे, कारण तिच्यात १०० ही बसतं. ऑर्डर '९२ ते ९६' अशी हवी.

आकडा कुठून आणायचा? गेल्या काही वर्षांत यावर मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ च्या हॉट-आयसीयू चाचणीत २,९२८ रुग्णांत पीएओटूचं ६० हे लक्ष्य ९० शी ताडून पाहिलं. २०२२ च्या पायलट चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या २,५४१ रुग्णांत सॅच्युरेशनची ९०, ९४ आणि ९८ अशी तीन लक्ष्यं होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूके-रॉक्समध्ये व्हेंटिलेटरवरच्या सुमारे १६,५०० रुग्णांत ९० चं लक्ष्य आणि नेहमीची पद्धत यांची तुलना झाली. यांपैकी एकीतही कमी लक्ष्यामुळे जास्त रुग्ण वाचले असं दिसलं नाही, आणि जास्त लक्ष्यामुळेही दिसलं नाही. दुसरीकडे, एआरडीएसच्या (फुप्फुसं सुजून पाण्याने भरण्याच्या तीव्र आजाराच्या) रुग्णांत पीएओटू ५५ ते ७० ठेवणारी २०२० ची लोको-टू चाचणी २०५ रुग्णांनंतर मध्येच थांबवावी लागली. कमी ऑक्सिजनच्या गटात ५ रुग्णांना आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा त्रास झाला होता.

यातून आमचं मत असं: एका टक्क्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मधला पट्टा पकडा आणि दोन्ही टोकांना जाऊ नका. व्यवहारात वापरायचे आकडे असे:

- बहुतेक रुग्ण: ९२ ते ९६.
- सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार), किंवा अतिलठ्ठपणामुळे कार्बन डायऑक्साइड साठण्याची सवय असलेले रुग्ण: ८८ ते ९२.
- एआरडीएस: ८८ ते ९५, पीएओटू ५५ ते ८०. यात खालच्या टोकाला मुद्दाम चिकटून राहायचं नाही.
- हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण: विश्वासार्ह सॅच्युरेशन मिळेपर्यंत १.०, मग ९४ ते ९८.
- मेंदूला तीव्र इजा: पीएओटू साधारण ८० ते १२०. इथे कमतरता अजिबात चालत नाही.
- कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा: एफआयओटू १.०. इथे प्रोबच्या आकड्याकडे बघायचंच नाही. त्याचं कारण पुढे येईल.

ब्लिओमायसिन (कर्करोगावरचं औषध) घेतलेला किंवा पॅराक्वाट (तणनाशक) प्यायलेला रुग्ण असेल तर वरिष्ठांना लगेच सांगा. या दोघांच्या फुप्फुसांना जास्तीचा ऑक्सिजन विशेष घातक ठरतो, त्यामुळे त्यांचं लक्ष्य मुद्दाम खाली ठेवतात.

पायरी २: रुग्ण यायच्या आधी

भिंतीवरच्या आउटलेटचा दाब साधारण ४ बार असतो. होज नीट बसली की 'टक्' आवाज येतो. त्यानंतरही ती एकदा ओढून बघा. व्हेंटिलेटरची सेल्फ टेस्ट पूर्ण करा आणि ऑक्सिजन सेन्सरचं कॅलिब्रेशन वगळू नका. बऱ्याच मशीनमधला सेन्सर रासायनिक सेलचा असतो आणि तो वापरातून झिजतो. झिजलेला सेल ०.४ सेट केल्यावर ०.३३ किंवा ०.४६ असं काहीतरी दाखवतो. सेट केलेला आणि मोजलेला आकडा यांत चांगलाच फरक असेल तर आधी कॅलिब्रेट करा, तरीही जुळलं नाही तर मशीन बदला. फरक खटकतो म्हणून सेन्सरचा अलार्म बंद करून काम चालवणं ही वाईट सवय आहे.

अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) रिझर्व्हॉयरसकट बेडच्या डोक्याशी हवी. तिची नळी फ्लोमीटरला जोडलेली हवी आणि १० ते १५ लिटर प्रवाहावर रिझर्व्हॉयर फुगतो हे डोळ्यांनी बघितलेलं हवं. सक्शन चालू करून बोटाने नळी दाबून पाहा. गरजेच्या वेळी हटकून याच दोन वस्तू दगा देतात.

पायरी ३: सुरुवात १.० ने, पण तिथे मुक्काम नको

ट्यूब टाकल्यावर एफआयओटू १.० ठेवणं बरोबरच आहे. ट्यूब श्वासनलिकेत आहे हे कॅप्नोग्राफच्या (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राच्या) आलेखावरून पक्कं झालं, प्रोबची लाट स्वच्छ दिसू लागली आणि रक्तदाब सावरला की उतरायला सुरुवात करा.

सॅच्युरेशन ९८ च्या वर असेल तर दर ५ मिनिटांनी ०.१ ते ०.२ ने कमी करा. ०.५ च्या खाली आल्यावर पावलं ०.०५ ची ठेवा. प्रत्येक पावलानंतर ५ मिनिटं थांबायचं, कारण फुप्फुसातला साठा बदलायला आणि तो बदल बोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. सीओपीडीत आणखी जास्त वेळ द्या. साधारण अर्ध्या तासाने पहिला एबीजी पाठवा. नमुन्यावर एफआयओटू, पीप आणि रुग्णाचं तापमान लिहा. एफआयओटू न लिहिलेल्या रिपोर्टातला पीएओटू ९० चांगला की वाईट, हे कोणालाच सांगता येत नाही.

एबीजी हातात आला की पीएओटूला एफआयओटूने भागा. पीएओटू १५०, एफआयओटू ०.६, म्हणजे गुणोत्तर २५०. ३०० पर्यंत सौम्य, २०० पर्यंत मध्यम आणि १०० पर्यंत तीव्र, अशी एआरडीएसची वर्गवारी किमान ५ पीपवर याच गुणोत्तरावरून करतात. पुढचा एफआयओटू ठरवायलाही ते कामी येतं. पीएओटू ७५ पुरेसा असेल तर ७५ भागिले २५०, म्हणजे ०.३ हे उत्तर. मात्र एकदम ०.३ वर उडी मारू नका. एफआयओटू बदलला की गुणोत्तरही थोडं सरकतं. ०.४ वर थांबा, बघा, मग पुढे जा.

पायरी ४: रोजची घडी

अलार्म लक्ष्याप्रमाणे लावा. ९२ ते ९६ चं लक्ष्य असेल तर खालचा अलार्म ९० वर आणि वरचा ९७ वर. नवख्यांचा वरचा अलार्म नेहमी १०० वर असतो, म्हणजे तो नसल्यातच जमा. एफआयओटू ०.२१ वर आला आणि तरीही सॅच्युरेशन ९९ असेल तर वरचा अलार्म बंद करायला हरकत नाही. स्वतःच्या फुप्फुसाने मिळवलेले ९९ आहेत ते, त्यात दोष नाही. 'व्हेंटिलेटरवर आहे म्हणजे निदान ०.४ तरी हवाच' असा नियम कुठेही नाही.

एफआयओटू वाढवूनही सॅच्युरेशन हलत नसेल तर शंटचा विचार करा. रक्त जिथून वाहतंय ते वायुकोश मिटलेले किंवा पाण्याने भरलेले असतील तर कितीही ऑक्सिजन दिला तरी तो तिथे पोहोचत नाही. तिथे पीप, रुग्णाची स्थिती, पाणी कमी करणं, चिकट स्राव काढणं हे उपाय लागतात. पीप आणि एफआयओटू जोडीने वाढवायचं एक रूढ कोष्टक आहे. त्यात ०.३ ला पीप ५, ०.४ ला ५ ते ८, ०.५ ला ८ ते १०, ०.६ ला १०, ०.७ ला १० ते १४, ०.८ ला १४, ०.९ ला १४ ते १८ आणि १.० ला १८ ते २४ असे आकडे आहेत. ही चौकट म्हणून वापरा, आज्ञा म्हणून नको. पीप वाढवल्यावर रक्तदाब पडला तर ऑक्सिजनचा पुरवठा एकूण कमीच होतो, मग सॅच्युरेशन कितीही सुंदर दिसो.

किमान ५ पीप आणि ०.६ किंवा जास्त एफआयओटू देऊनही गुणोत्तर १५० च्या खाली राहत असेल तर पालथं झोपवण्याचा निर्णय वरिष्ठांकडून लवकर घ्या. एका खेपेला किमान १६ तास लागतात. हा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचा नसतो.

उतरताना उलटा क्रम लागतो. आधी एफआयओटू ०.४ पर्यंत आणायचा, मग पीप २ च्या पावलाने. इथे घाई नडते. एफआयओटूचा परिणाम काही मिनिटांत दिसतो, पण पीप कमी केल्यावर वायुकोश हळूहळू, कधी काही तासांनी मिटतात. सकाळच्या राउंडला पीप उतरवलेला रुग्ण संध्याकाळी ढासळतो तो यामुळे.

पायरी ५: सॅच्युरेशन अचानक पडलं तर

आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या आणि लगेच मॉनिटर सोडून रुग्णाकडे बघा. छाती दोन्हीकडे उचलते का? रंग कसा आहे? नाडी लागते का? मग चार प्रश्न, याच क्रमाने.

ट्यूब सरकली का? ओठाशी किंवा दाताशी असलेली खूण नोंदीशी ताडून बघा. आत गेली असेल तर बहुधा उजव्या फुप्फुसात शिरते आणि डावीकडे आवाज ऐकू येत नाही. बाहेर आली असेल तर कॅप्नोग्राफची लाट खुजी होते किंवा नाहीशी होते.

ट्यूब तुंबली का? सक्शन कॅथेटर पूर्ण आत जातो का ते बघा. रुग्ण ट्यूब चावतोय किंवा ती मुडपली आहे, हेही याच प्रश्नात येतं.

न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं, आहे का? एका बाजूला आवाज नाही, दाब वाढलेले, रक्तदाब कोसळतोय, असं असेल तर एक्स-रेची वाट बघायची नसते. वरिष्ठांना हाक मारा.

मशीन किंवा सर्किट बिघडलंय का? शंका आली आणि रुग्ण ढासळतोय, तर सर्किट काढून अंबू बॅगने श्वास द्या. त्याने सुधारला तर दोष मशीनकडे होता. मात्र जास्त पीपवरच्या एआरडीएसच्या रुग्णाचं सर्किट उगाच काढू नका. काढावंच लागलं तर क्षणभर ट्यूबला क्लॅम्प लावा आणि पीप वाल्व असलेली बॅग वापरा. नाहीतर तासन्‌तास उघडून ठेवलेले वायुकोश एका क्षणात मिटतात.

दाबांवरूनही दिशा मिळते. पीक दाब (श्वास आत जातानाचा सर्वाधिक दाब) वाढला पण प्लॅटो (श्वास भरून प्रवाह थांबल्यावरचा दाब) तसाच राहिला तर अडथळा वाटेत आहे: स्राव, मुडपलेली ट्यूब, दमा. दोन्ही वाढले तर फुप्फुस किंवा छातीची पोकळी कडक झाली आहे. पीक पडला तर गळती शोधा; ट्यूबचा फुगा २० ते ३० सेंटीमीटर पाण्याच्या दाबावर आहे ना ते बघा. दाब जसेच्या तसे असतील तर रक्ताभिसरण, फुप्फुसातली गुठळी, किंवा नुसता निसटलेला प्रोब.

रुग्ण सावरला. आता एफआयओटू परत जागेवर आणा. मशीनवरचं '१०० टक्के' बटण दाबलं असेल तर बहुतेक मशीन दोनेक मिनिटांनी आपोआप मूळ आकड्यावर येतात. मुख्य नॉबच १.० वर फिरवला असेल तर तो तुम्ही परत फिरवेपर्यंत तिथेच राहतो. रात्री दोनला १.० केलेला आणि सकाळी आठपर्यंत तसाच राहिलेला एफआयओटू सगळ्यांच्या ओळखीचा आहे. म्हणून बटण वापरा, नॉब नको.

सक्शन करताना

कॅथेटरचा व्यास ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको: ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच, ७ ला १०. आधी ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन. दाब ८० ते १२० मिमी पारा, स्राव फार घट्ट असेल तर १५० पर्यंत. आत-बाहेर मिळून १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. शक्य तिथे बंद सक्शन वापरा म्हणजे पीप सुटत नाही. दर दोन तासांनी घड्याळ लावून सक्शन करायची गरज नाही. आवाज, दाब, आलेखातली करवतीसारखी नक्षी यांवरून गरज दिसली की करा.

प्रोब आणि एबीजी कधी फसवतात

हात गार, रक्तदाब कमी, व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) चालू असे रुग्ण असतील तर आकड्याआधी लाट बघा. लाट नाही तर आकडाही नाही. अशा वेळी प्रोब कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर लावतात, पण त्या जागेसाठी बनवलेलाच प्रोब लागतो. नेलपॉलिश काढा. बोटावर बदल उशिरा, कधी अर्ध्या मिनिटानंतर दिसतो, हे लक्षात ठेवा. सावळ्या आणि गडद त्वचेच्या रुग्णांत प्रोब खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. म्हणून प्रत्येक एबीजीच्या वेळी त्याच मिनिटाचं एसपीओटू शेजारी लिहा. धमनीतलं सॅच्युरेशन दरवेळी ३ ने कमी येत असेल तर त्या रुग्णाचं लक्ष्य तेवढं वर सरकवायला हवं. मात्र ही तुलना सॅच्युरेशन थेट मोजणाऱ्या को-ऑक्सिमीटरच्या आकड्याशी करा. साधं मशीन पीएओटूवरून ते नुसतं गणिताने काढतं.

कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन साध्या प्रोबला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, म्हणून आकडा खोटा चांगला येतो. मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं, बदललेलं हिमोग्लोबिन) वाढलं की आकडा ८५ च्या आसपास अडकतो आणि एफआयओटू कितीही वाढवला तरी हलत नाही. दोन्ही ठिकाणी को-ऑक्सिमीटरच लागतो.

एबीजीच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पीएओटू १५० च्या दिशेने सरकतो, म्हणजे कमी असलेला वाढतो आणि फार जास्त असलेला उतरतो. बुडबुडा लगेच काढा, टोपण लावा, नमुना ३० मिनिटांच्या आत तपासा. पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या रुग्णात त्या सिरिंजमध्येच ऑक्सिजन खातात, तिथे तर एक मिनिटही दवडू नका.

सीटी स्कॅनला नेताना

सिलिंडरमधला साठा काढायची रीत सोपी आहे: पाण्याच्या मापातली लिटर क्षमता गुणिले गेजवरचा बार दाब. १० लिटरचा सिलिंडर १०० बारवर असेल तर सुमारे १,००० लिटर. खर्च काढताना एफआयओटू १.० धरा. मिनिटाला १० लिटर श्वास आणि मशीनचा स्वतःचा वापर समजा २ लिटर, असे १२. अर्ध्या तासाला ३६०, दुप्पट राखीव धरून ७२०. म्हणजे हा सिलिंडर पुरेल. मशीनचा स्वतःचा वापर मॉडेलप्रमाणे खूप बदलतो, तो पुस्तिकेत बघा. अडचण गणितात क्वचित येते. सिलिंडरचा वाल्व उघडायचा राहतो, किंवा परत आल्यावर होज भिंतीला जोडायची राहते.

ट्यूब काढताना

एफआयओटू ०.४ किंवा कमी, पीप ५ ते ८, आणि सॅच्युरेशन लक्ष्यात असेल तर रोज सकाळी श्वासाची चाचणी (मशीनचा आधार कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघणं) करण्याचा विचार व्हायला हवा. चाचणी पास व्हावी म्हणून एफआयओटू वाढवू नका. सॅच्युरेशन टिकवायला ०.६ लागत असेल तर उत्तर तिथेच मिळालं. ट्यूब काढल्यावर लक्ष्य तेच राहतं, मोजमाप मात्र ढिलं होतं. नाकातल्या नळीने २ लिटर दिला तर एफआयओटू साधारण ०.२८ धरतात, पण धापा टाकणारा रुग्ण बाहेरची हवा जास्त ओढतो आणि तो वाटा घटतो. हाय-फ्लोवर (नाकातून जास्त प्रवाहाने दिलेल्या ऑक्सिजनवर) हा फरक कमी असतो. नवीन साधन लावताना ऑर्डरमध्ये लक्ष्याची दोन्ही टोकं पुन्हा लिहा आणि मॉनिटरचा वरचा अलार्म तपासा. बेड बदलताना तो बहुतेक वेळा परत १०० वर गेलेला असतो.